खलिफा-वजिरांच्या दरबारातले ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम यांचे वाद: नियम काय होते, निकाल कोण द्यायचं?

बखरवाचक (धागाकर्ता)
बगदाद, कैरो, मर्व, नसीबीन इथल्या दरबारांत ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम पंडित समोरासमोर बसून धर्मावर वाद घालत. या बैठकांना मजलिस म्हणत. त्यांच्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एका बाजूला बगदाद म्हणजे विचारस्वातंत्र्याचं माहेरघर, तर दुसऱ्या बाजूला हा सगळा देखावाच, कारण जिझिया भरणारा माणूस राजासमोर बोलून बोलून काय बोलणार!

माझ्या मते या बैठका टिकल्या त्या पद्धतीमुळे. प्रश्न कोणी विचारायचा, पुरावा कुठला चालेल, कुठे थांबायचं हे ठरलेलं असे. जिथे पद्धत मोडली तिथे बैठकही मोडली. पण तपशिलात गेलं की प्रश्न उरतातच. निकाल कोण द्यायचं? हरलेल्याचं काय व्हायचं? आणि हाती आलेल्या वृत्तांतांवर कितपत विसंबायचं? जाणकारांनी लिहावं.

दौतटाक
सुरुवात तिमथीपासूनच व्हायला हवी. तिमथी पहिला हा पूर्वेकडच्या चर्चचा कॅथलिकोस, म्हणजे प्रमुख (७८० ते ८२३). खलिफा अल-महदीशी (राज्यकाळ ७७५ ते ७८५) त्याची दोन दिवस चर्चा झाली. तिचा वृत्तांत त्याने सिरियाक भाषेत (तिथल्या ख्रिस्ती लोकांची धर्मभाषा) पत्ररूपाने लिहिला. काळ साधारण ७८१-८२.

पहिलाच प्रश्न थेट आहे. तुमच्यासारखा ज्ञानी माणूस देवाने बायको केली आणि तिच्यापासून मुलगा झाला असं कसं म्हणतो? तिमथी उलट विचारतो, असली निंदा कोण करतं? मग खलिफा विचारतो, तर मग ख्रिस्ताबद्दल तुम्ही म्हणता तरी काय? इथून गाडी रुळावर येते. तिमथी सूर्य आणि त्याच्या प्रकाशाचा, मन आणि त्यातून निघणाऱ्या शब्दाचा दाखला देतो. जन्म आहे, पण शरीराचा संबंध नाही.

पुढे खलिफा एकेक पाचर मारत जातो. ख्रिस्ताची सुंता झाली होती, मग तुमची का नाही? तो जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना करायचा, तुम्ही पूर्वेकडे का वळता? हे प्रश्न विचारणारा माणूस ख्रिस्ती आचार नीट माहीत असणारा आहे.

रानवारा
दौतटाक, त्यातला पैगंबर मुहंमदांबद्दलचा प्रश्न राहिला. सगळ्यात अवघड जागा तीच. खरे पैगंबर म्हटलं तर स्वतःचा धर्म सुटतो, खोटे म्हटलं तर डोकं जातं.

दौतटाक
हो, आणि तिमथीने तिथे जे केलं ते शिकण्यासारखं आहे. तो म्हणतो, ते सर्व विवेकी माणसांच्या स्तुतीला पात्र आहेत, ते पैगंबरांच्या मार्गाने चालले. त्यांनी लोकांना एका देवाकडे वळवलं, मूर्तिपूजेपासून सोडवलं, वाइटापासून दूर केलं. म्हणजे मार्ग मान्य, पद मान्य नाही. खलिफा लगेच पकडतो, मग त्यांचे शब्द स्वीकारा. कुठले शब्द? देव एक आहे हे. तिमथीचं उत्तर: ते तर मी तोरा (मोशेचा धर्मग्रंथ), संदेष्टे आणि शुभवर्तमानातून आधीच शिकलो आहे.

यात खुशामत पाहणारे पाहतात. मला त्यात अतिशय नेमकं मोजमाप दिसतं. एक शब्द जास्त झाला असता तर त्याच्याच लोकांनी त्याला धारेवर धरलं असतं, कारण पत्र त्यांच्यासाठीच लिहिलेलं आहे.

नीराकाठ
मोत्याची गोष्ट याच चर्चेतली ना?

दौतटाक
हीच. अंधाऱ्या घरात रात्री एक मोती पडतो. सगळे चाचपडतात. एकाच्या हाती मोती लागतो, दुसऱ्याच्या काच, तिसऱ्याच्या खडा, आणि प्रत्येकाला वाटतं मोती आपल्याच मुठीत. उजाडल्यावर खरं काय ते कळेल. ही गोष्ट सर्वधर्मसमभावाची म्हणून फिरते, पण तिमथी तिथे थांबत नाही. मोती कोणाकडे आहे ते या जगातही काही अंशी ओळखता येतं, सत्कर्मांनी आणि चमत्कारांनी, असं तो पुढे म्हणतो. तो भाग वगळला की गोष्टीचा अर्थच पालटतो.

पूर्वपक्ष
धागाकर्त्यांच्या पद्धतीच्या मुद्द्यावर लिहितो. वादशास्त्राला अरबीत जदल म्हणतात. त्याच्या ग्रंथांत पायऱ्या स्पष्ट आहेत. दोन भूमिका असतात, प्रश्नकर्ता आणि उत्तरकर्ता, आणि मध्येच त्यांची अदलाबदल करायची नाही. प्रश्नकर्त्याने आधी विचारायचं, तुझं मत काय? मग, त्याला पुरावा काय? मग, या पुराव्यातून हे मत कसं निघतं? त्यानंतरच आक्षेप घ्यायचा. पहिल्या तीन पायऱ्या गाळून आक्षेपावर उडी मारली की समोरचा बेधडक सांगू शकतो, हे माझं मतच नव्हे. वर तिमथीने 'असली निंदा कोण करतं' म्हणून हीच पळवाट घेतली. खलिफाने मत विचारण्याआधी आक्षेप घेतला होता, आणि दुसऱ्या प्रश्नात त्याला मागे येऊन मत विचारावं लागलं.

हरणं म्हणजे 'इन्किता', निरुत्तर होणं. गप्प बसणं हा त्याचा एकच प्रकार. आधी कबूल केलेलं नाकारणं, स्वतःच्या विधानाच्या विरुद्ध बोलणं, एक मुद्दा अर्धवट टाकून दुसऱ्यावर जाणं, डोळ्यांसमोरची गोष्ट नाकारणं, आवाज चढवणं, हेही हरण्यातच जमा. आपल्याकडे न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात २२ निग्रहस्थानं, म्हणजे वादात हरण्याच्या जागा, दिली आहेत, त्यातली अप्रतिभा (उत्तर न सुचणं), अर्थांतर (विषय सोडून बोलणं), प्रतिज्ञाहानी (स्वतःचं विधान सोडणं) ही शेजारी ठेवून बघा. दोन्ही परंपरा स्वतंत्र आहेत, पण सभेत माणूस कसा घसरतो हे दोघींनी सारखंच टिपलंय.

दहाव्या शतकातल्या याकूब अल-किरकिसानी या कराईट (तालमूद न मानणाऱ्या पंथाच्या) ज्यू विद्वानानेही आपल्या अरबी ग्रंथात वादाचे नियम दिले आहेत. म्हणजे हे नियम एका धर्माची मालमत्ता नव्हते. मुस्लिम, ज्यू, ख्रिस्ती सगळे त्याच तालमीत तयार झालेले.

मोडीलिपी
या तालमीत ॲरिस्टॉटलही आहे. अल-महदीनेच तिमथीला त्याचा 'टोपिका' हा ग्रंथ सिरियाकमधून अरबीत आणायला सांगितलं. तिमथीने अबू नूह याच्या मदतीने ते केलं, आणि मदतीसाठी मार मत्ताई मठातल्या हस्तलिखितांची चौकशी केल्याचं त्याच्या पत्रांत आहे. टोपिका म्हणजे वाद कसा घालावा याचंच पुस्तक. खलिफाने ते आपल्याशी वाद घालणाऱ्याकडूनच भाषांतरित करून घेतलं!

चंद्रमौळी
पुरावा कुठला चालायचा याचं उत्तर एका नाराज माणसाच्या साक्षीत मिळतं. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंदालुसियाचा, म्हणजे मुस्लिम स्पेनचा, इब्न सादी बगदादला गेला आणि तिथल्या मजलिसींना दोनदा हजर राहिला. परतताना कैरवानच्या (आजचं ट्युनिशिया) एका मोठ्या फकीहाने, म्हणजे धर्मशास्त्र्याने, त्याला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की तिथे सर्व पंथांचे मुस्लिम होतेच, शिवाय अग्निपूजक, जडवादी, ज्यू, ख्रिस्ती असे सगळे होते. प्रत्येक गटाला एक म्होरक्या. म्होरक्या आला की सगळे उठून उभे राहत, तो बसल्यावर बसत. सभा भरल्यावर बिगरमुस्लिमांपैकी एकाने जाहीर केलं की तुमच्या ग्रंथातला आणि तुमच्या पैगंबरांच्या वचनातला पुरावा आणू नका, आम्ही तो मानत नाही, फक्त बुद्धीचा पुरावा चालेल. आणि सगळे 'कबूल' म्हणाले. इब्न सादी तिथून उठला. दुसऱ्या मजलिसीतही तेच, मग तो पुन्हा गेला नाही.

त्याला हे पाप वाटलं म्हणूनच त्याने तपशील नोंदवला. कौतुकाने सांगणाऱ्यापेक्षा ही साक्ष मला जास्त भरवशाची वाटते.

सांजवेळ
पण मग ग्रंथ बाजूला ठेवले तर वाद उरतो कशावर? तोरा-कुराण न काढता ज्यू आणि मुस्लिम किती वेळ बोलणार?

पूर्वपक्ष
सांजवेळ, म्हणूनच दुसरा मार्ग जास्त वापरात होता: समोरचा मानतो त्याच ग्रंथातून त्याला कात्रीत पकडायचं. आपला ग्रंथ पुरावा म्हणून चालत नाही, त्याचा चालतो. शिया परंपरेत इमाम अली अल-रिदांची मजलिस याचा नमुना आहे. मर्वला खलिफा अल-मामूनच्या दरबारात, इमामांचा मृत्यू ८१८चा, म्हणजे त्याआधीच्या एकदोन वर्षांत. समोर ख्रिस्ती कॅथलिकोस, ज्यूंचा निर्वासनप्रमुख (मायभूमीबाहेरच्या ज्यू समाजाचा पुढारी), झोरोस्टरपंथी धर्मगुरू. इमाम म्हणतात, येशूत बाकी काही खोट नाही, फक्त त्याचे उपास आणि प्रार्थना जरा कमी पडत. कॅथलिकोस उसळतो, येशूने एक दिवस उपास चुकवला नाही, एक रात्र प्रार्थनेशिवाय काढली नाही! इमाम विचारतात, मग तो कोणासाठी उपास धरायचा आणि कोणाची प्रार्थना करायचा? कॅथलिकोस निरुत्तर.

डाव बघा. आक्षेपच असा घेतला की नाकारण्यासाठी समोरच्याला नेमकं हवं तेच वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं.

बखरवाचक
सुंदर. पण इथेच माझी शंका. कॅथलिकोसकडे उत्तर नव्हतं का? येशूचं मानुषत्व प्रार्थना करत होतं, हे उत्तर कुठलाही नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चचा, विद्यार्थी देईल. तो पंथच मुळी ख्रिस्ताच्या दोन स्वभावांवर उभा आहे.

मोडीलिपी
बरोबर पकडलंत. ही मजलिस आपल्यापर्यंत इब्न बाबवैह (मृत्यू ९९१) या शिया संकलकाकडून आली, म्हणजे घटनेनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी. आणि हा आक्षेप एका बाजूचा नाही. तिमथीच्या पत्रात खलिफा सोयीच्या जागी गप्प बसतो, तोही तितकाच संशयास्पद. वृत्तांत वाचताना मी चार गोष्टी बघतो: कोणी लिहिला, कुठल्या भाषेत (सिरियाक असेल तर दरबार वाचणार नाही, म्हणजे तो घरच्यांसाठी), हरणाऱ्याच्या तोंडी त्याच्या पंथाचं ठरलेलं उत्तर आहे की ते गायब आहे, आणि जिंकणाऱ्याला एकदा तरी अडचण येते का. तिमथी चौथ्या कसोटीला बऱ्यापैकी उतरतो. पैगंबरांच्या प्रश्नावर त्याला घाम फुटलेला दिसतो.

दौतटाक
चौथी कसोटी मला मान्य नाही. कसलेला लेखक खोटी अडचणही रंगवतो. तिमथीच्या बाबतीत मी बैठक झाली आणि तिची मांडणी नंतर केली असंच धरतो. प्रश्न खरे वाटतात कारण तेच प्रश्न मुस्लिमांच्या स्वतंत्र लेखनातही सापडतात. उदाहरणार्थ बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातलं २१:७, गाढवावरचा स्वार आणि उंटावरचा स्वार. मुस्लिम बाजूचा दावा असा की गाढवावरचा येशू, उंटावरचे पैगंबर मुहंमद. तिमथीने उत्तर दिलं की बाबेलच्या (बॅबिलोनच्या) पतनाचा संदर्भ आहे, एक स्वार मेदी लोकांचा आणि दुसरा एलामी लोकांचा. मागचा-पुढचा मजकूर बघितला तर बाबेल तिथे खरंच आहे.

नीराकाठ
ग्रंथ बदलल्याचा आरोप (तहरीफ) यात कुठे बसतो? समोरच्याचाच ग्रंथ पुरावा धरायचा आणि तो भ्रष्टही म्हणायचा, दोन्ही कसं?

चंद्रमौळी
नीराकाठ, तहरीफचे दोन प्रकार होते. एक, शब्द तेच पण अर्थ वाकवला. दुसरा, शब्दच बदलले. पहिला प्रकार धरला तर समोरच्याच्या ग्रंथातून पुरावा काढता येतो, फक्त अर्थावर भांडायचं. दुसरा धरला की तो पुरावाच हातचा जातो. तिमथीचं यावरचं उत्तर जबरदस्त आहे. ज्यू आणि आम्ही एकमेकांचे वैरी, तरी दोघांकडचा तोरा आणि संदेष्टे तेच. एकाने बदल केला असता तर दुसऱ्याने चव्हाट्यावर मांडला नसता का? आणि बदलायचाच होता तर वधस्तंभासारख्या मानहानीच्या गोष्टी आधी नसत्या काढल्या?

दुसऱ्या प्रकाराचा कडवा पुरस्कर्ता म्हणजे कॉर्डोबाचा इब्न हज्म (९९४ ते १०६४). त्याने तोरातली गणितंच तपासली. याकोबाच्या घरचे सत्तर जण इजिप्तमध्ये गेले आणि बाहेर पडताना लढण्याच्या वयाचे पुरुषच सहा लाखांवर, तेही मोजक्या पिढ्यांत? तरुणपणी तो शमुएल हा-नगीद या ज्यू विद्वानाशी समोरासमोर बोलला होता, हिजरी ४०४ (इ.स. १०१३-१४) मध्ये. विषय उत्पत्ती ४९:१०, यहूदाचा राजदंड. शमुएल पुढे ग्रानाडाचा वजीर झाला.

सांजवेळ
ज्यू नेहमी बचावातच का दिसतात? त्यांची चढाई कुठली?

पूर्वपक्ष
त्यांची खेळी परंपरेच्या पुराव्याची. सिनाय पर्वतावर लाखोंच्या समुदायाने ऐकलं, एकट्यादुकट्याने नव्हे. मोशेचा संदेश मुस्लिम आणि ख्रिस्तीही मानतात, तेव्हा तो संदेश रद्द झाला हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. मुस्लिम बाजू उत्तर देई की कायदा तोराच्या आतही बदलतो. याकोबाने दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलं, पुढे मोशेच्या नियमात ते निषिद्ध ठरलं. सादिया गाओन या ज्यू धर्मपंडिताने (८८२ ते ९४२) ९३३च्या आपल्या अरबी ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात अशा आक्षेपांना ओळीने उत्तरं दिली आहेत. ते प्रकरण वाचताना समोर बसलेला माणूस जाणवतो.

आणखी एक गंमत. तिघे एकत्र आले की मैत्री विषयागणिक बदलते. त्रैक्यावर (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव) आक्षेप घेताना ज्यू-मुस्लिम एक. येशू मसीहा आहे आणि कुमारीच्या पोटी जन्मला यावर ख्रिस्ती-मुस्लिम एक. तो वधस्तंभावर मेला यावर ज्यू-ख्रिस्ती एक. चतुर वक्ता पुढचा विषय निवडताना हेच बघायचा.

रानवारा
त्यावरून कैरो. फातिमी खलिफा अल-मुइझच्या दरबारात इजिप्तमधल्या अश्मुनैनचा कॉप्टिक (इजिप्शियन ख्रिस्ती) बिशप साविरस इब्न अल-मुकफ्फा आणि वजीर याकूब इब्न किल्लिसचा ज्यू मित्र मुसा यांच्यातला वाद कॉप्टिक कुलप्रमुखांच्या (त्या चर्चच्या प्रमुखांच्या) इतिहासात आहे. इब्न किल्लिस स्वतः बगदादचा ज्यू, धर्मांतर करून मुस्लिम झालेला. साविरसने यशया १:३ काढलं, बैल आपल्या धन्याला ओळखतो पण इस्राएल ओळखत नाही. खलिफा हसला. अपमान झालेल्या मुसाने मग मत्तयाचं वचन शोधून काढलं: मोहरीएवढा विश्वास असेल तर डोंगर हलेल. हलवून दाखवा म्हणावं! पुढे कैरोजवळचा मुकत्तम डोंगर हलल्याची कथा येते.

त्याच ग्रंथातली दुसरी गोष्ट मला फार आवडते. शुक्रवारी साविरस मुख्य काझीजवळ बसलेला असताना एक कुत्रा जातो. काझी विचारतो, हा कुत्रा ख्रिस्ती की मुस्लिम? काहीही म्हटलं तरी फास. साविरस म्हणतो, त्यालाच विचारा. काझी म्हणतो, तो बोलत नाही, तूच सांग. मग साविरस: आज शुक्रवार, ख्रिस्ती आज मांस खात नाहीत आणि संध्याकाळी उपास सोडताना वाइन पितात. मांस आणि वाइन दोन्ही पुढे ठेवा. मांस खाल्लं तर मुस्लिम, वाइन प्यायला तर ख्रिस्ती.

नीराकाठ
हा हा, काझींना 'मग सोडूनच द्या' म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

गोंयकार
या वादांची एक शाखा आमच्या गोव्यातून निघते. अकबराने १५७५ साली फत्तेपूर सिक्रीला इबादतखाना बांधला आणि पुढे गोव्याहून जेझुइट (एका कॅथलिक संघाचे पाद्री) बोलावले. रुडॉल्फ अक्वाविवा, अंतोनियो मोन्सेराते आणि फारसी बोलणारा फ्रान्सिस्को हेन्रिकेस १५७९च्या नोव्हेंबरात गोव्याहून निघून १५८०च्या फेब्रुवारीअखेर पोचले. अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल भेट दिलं. तिथे अग्निपरीक्षेचा प्रस्ताव आला, एका मुस्लिमाने आणि एका पाद्रीने आपापला ग्रंथ घेऊन आगीत शिरायचं. जेझुइटांनी नकार दिला, देवाची परीक्षा पाहू नये म्हणून. अक्वाविवा १५८३ला परतला आणि त्याच जुलैत कुंकळ्ळीला मारला गेला.

मोडीलिपी
गोंयकार, उत्तम भर. तिमथीचाही आपल्या किनाऱ्याशी दुवा आहे. त्याच्या चर्चचा पसारा भारतापर्यंत होता. हाती काठी आणि झोळी एवढंच घेऊन भिक्षू समुद्रापलीकडे भारतात आणि चीनकडे जातात असं तो पत्रात लिहितो. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या प्रवाशाने 'कल्लियाना' इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं नोंदवलंय. ते आपलं कल्याण असं बरेच अभ्यासक धरतात.

सांजवेळ
आता मूळ प्रश्नाकडे या. हरलेल्याचं काय व्हायचं?

चंद्रमौळी
बहुधा औपचारिक निकाल नसायचाच. यजमान खलिफा किंवा वजीर विषय बंद करी, पुढची बैठक ठरे. नसीबीनचा महानगर-बिशप एलिया (९७५ ते १०४६) आणि वजीर अबुल-कासिम अल-मगरिबी यांच्या जुलै १०२६ मध्ये सात बैठका झाल्या. त्रैक्यापासून अरबी आणि सिरियाक व्याकरण, फलज्योतिष, आत्मा इथपर्यंत विषय गेले. तिथे एक नेहमीचा अडथळा दिसतो. ख्रिस्ती लोक देवाला 'जौहर' म्हणत, स्वतःच्या बळावर असणारा या अर्थाने. मुस्लिम कलामशास्त्रात (तर्काने धर्मतत्त्वं मांडणाऱ्या शास्त्रात) जौहर म्हणजे जागा व्यापणारा कण. वजीर अडवतो, एलिया आपला अर्थ सांगतो, मग कुठे चर्चा पुढे सरकते. अर्थ आधी ठरवला नाही तर तासन्‌तास वाया.

पण हे अभय मजलिशीपुरतंच होतं. कॉर्डोबात ८५१ साली इसहाक नावाचा भिक्षू, जो पूर्वी सरकारी लेखनिक होता, काझीसमोर जाऊन पैगंबरांविरुद्ध बोलला. त्याला मृत्युदंड झाला. ना प्रश्नकर्ता, ना यजमान, ना आमंत्रण.

पूर्वपक्ष
आणि दरबाराचं कवच गेल्यावर लेखनही धोक्याचं. इब्न कम्मूना या बगदादच्या ज्यू विचारवंताने १२८० साली तिन्ही धर्मांची तपासणी करणारा ग्रंथ लिहिला, प्रत्येकाची बाजू, आक्षेप, प्रत्युत्तरं. राज्य तेव्हा मंगोलांचं. १२८४ मध्ये जमाव त्याच्यावर चालून गेला. त्याला जाळणार असं अधिकाऱ्यांनी जाहीर करून जमाव शांत केला आणि चामड्याने मढवलेल्या पेटीतून त्याला गुपचूप हिल्ला इथे मुलाकडे पोचवलं. तिथेच तो थोड्या काळात वारला.

बखरवाचक
हे धाग्याचं उत्तरच झालं. यजमान असताना एलिया सात बैठका बोलतो. यजमान नसताना इब्न कम्मूनाला पेटीत बसावं लागतं. माझ्या मूळ मांडणीत 'पद्धत' होती, तिच्यासोबत यजमानाची ताकदही धरायला हवी. पूर्वपक्ष, इब्न कम्मूनाच्या ग्रंथात इस्लामवरचं प्रकरण कसं आहे? जमाव नेमका कशावर चिडला?

पूर्वपक्ष
चार प्रकरणं आहेत: आधी एकूण पैगंबरपद, मग ज्यू, ख्रिस्ती, शेवटी इस्लाम. इस्लामचं सर्वांत लांब. मुस्लिम विद्वानांचे युक्तिवाद त्यांच्याच शब्दांत देतो, मग एकेकावर आक्षेप, मग त्याचं उत्तर. स्वर थंड आहे, शिवीगाळ कुठेही नाही. पण पैगंबरपदाचे पुरावे बुद्धीच्या तराजूत घालून काही कमी पडतात असं तो लिहितो. मजलिशीत हे प्रश्नकर्त्याचं काम म्हणून खपलं असतं. लिहून शहरात फिरलं, तेव्हा ते त्याचं स्वतःचं मत ठरलं.